दोन घासांनंतर

पेरिटोनियल डायलिसिस (पीडी) सुचवताना डॉक्टर आधी घराचा मुद्दा काढतात. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन यंत्राशेजारी चार-चार तास पडून राहायला नको, हातात जाड सुया टोचून घ्यायला नकोत. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून दिवसातून चारेक वेळा दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, मग काढून टाकायचा. रात्री झोपेत हेच काम करणारं सायकलर यंत्रही मिळतं. पिशव्या घरपोच येतात, गावी राहता येतं, नोकरी टिकते. यातलं काहीही खोटं नाही. ज्यांच्या अनुभवांवर हे पुस्तक उभं आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांना पीडीनं अशी काही बरी वर्षं दिली होती, आणि पुढे जे झालं त्यानंतरही ती वर्षं त्यांनी नाकारलेली नाहीत. पीडीच्या विरोधातलं पुस्तक म्हणून कुणी हे हातात घेतलं, तर त्याची निराशा होईल.

पुढे जे झालं त्याचं वैद्यकीय नाव एन्कॅप्स्युलेटिंग पेरिटोनियल स्क्लेरोसिस, थोडक्यात ईपीएस. पोटाच्या पोकळीला आतून अस्तर करणारा आणि आतड्यांवरही पसरलेला जो पातळ पडदा असतो, तो पेरिटोनियम. डायलिसिसचं गाळणं म्हणून आपण तोच वापरतो. हा पडदा दर दिवशी, वर्षानुवर्षं, साखरेच्या तीव्र द्रवात भिजतो. निसर्गानं त्याला या कामासाठी घडवलेलं नाही. काळानुसार तो जाड होतो, त्यातल्या रक्तवाहिन्या वाढतात, पाणी ओढून काढण्याची त्याची ताकद घटते. हे थोड्याफार प्रमाणात बहुतेकांच्या बाबतीत घडतं आणि ते म्हणजे ईपीएस नव्हे. अगदी थोड्यांच्या बाबतीत मात्र त्यावर दाहाची आणखी एक लाट येते, फायब्रिन हे चिकट प्रथिन साचतं, आतड्यांची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यावर पांढरट, चिवट आवरण चढतं. जपानी संशोधकांनी याला दोन आघातांचा सिद्धांत म्हटलं: पहिला आघात वर्षांचा, दुसरा दाहाचा. आवरणाखाली आतडं जिवंत असतं, त्याला हलता मात्र येत नाही.

पडद्याचा हा आजार डायलिसिसपेक्षा जुना आहे. 1907 मध्ये ओव्चिन्निकोव्ह यांनी आतड्यांना वेढणाऱ्या जुनाट, तंतुमय पेरिटोनायटिसचं, म्हणजे पेरिटोनियमच्या दाहाचं, वर्णन केलं होतं. 1978 मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी किशोरवयीन मुलींमधल्या अशाच अवस्थेला पोटातला कोश असं नाव दिलं. त्याच्याही थोडं आधी, 1970 च्या दशकात, प्रॅक्टोलॉल हे हृदयविकारावरचं औषध घेणाऱ्यांच्या पोटात असंच आवरण तयार होत असल्याचं लक्षात आलं होतं आणि ते औषध मागे घ्यावं लागलं. हा धडा महत्त्वाचा होता. पेरिटोनियम चिडला की तो कुठल्या टोकाला जाऊ शकतो, हे पीडीचा खरा प्रसार व्हायच्या आधीच दिसून चुकलं होतं.

पीडीचा स्वतःचा इतिहास विलक्षण चिकाटीचा आहे. 1923 मध्ये वुर्झबर्गच्या गेऑर्ग गान्टर यांनी पेरिटोनियममधून रक्त शुद्ध करता येईल का ते तपासून पाहिलं. 1946 मध्ये बोस्टनच्या फाइन, फ्रँक आणि सेलिगमन यांनी किडनी अचानक निकामी झालेला रुग्ण या पद्धतीनं वाचवला. 1968 मध्ये सिएटलच्या टेन्कहॉफ यांनी पोटात कायम ठेवता येईल अशी सिलिकॉनची नळी आणली. तिचीच रूपं आजही वापरात आहेत. मग 1976 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी आजच्या सीएपीडीची कल्पना मांडली: द्रव सतत पोटात राहू द्यायचा आणि माणसानं चालतं-फिरतं राहायचं. टोरोंटोच्या ओरेओपूलोस यांनी काचेच्या बाटल्यांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि उपचार खऱ्या अर्थानं घरी पोचला. यानंतर फार दिवस जायचे नव्हते. 1980 मध्ये अमेरिकेतून पहिला वृत्तान्त आला की दीर्घकाळ पीडीवर असलेल्या काही रुग्णांचा पेरिटोनियम कठीण आणि जाड झाला आहे.

सुरुवातीला संशय द्रवातल्या अ‍ॅसिटेटवर गेला, नळी-जोडणीच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरहेक्सिडीनवर गेला. दोन्ही गोष्टी बदलल्या गेल्या, आजार मात्र पूर्ण गेला नाही. हळूहळू एक घटक स्पष्ट होत गेला, तो म्हणजे पीडीवरची वर्षं. जपानमध्ये 1999 ते 2003 या काळात 1,958 रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यांत 48 जणांना, म्हणजे अडीच टक्क्यांना, ईपीएस झाला. पाच वर्षांच्या टप्प्यावर हे प्रमाण 0.7 टक्के होतं, आठ वर्षांना 2.1, दहा वर्षांना 5.9 आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांत 17.2. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नोंदवहीत 7,618 रुग्णांमध्ये अवघे 33 सापडले. देशादेशांतल्या या फरकामागे रुग्ण पीडीवर किती वर्षं राहतात हे मोठं कारण आहे. जपानमध्ये मृत दात्यांच्या किडन्या फारच कमी मिळतात, त्यामुळे लोक डायलिसिसवरच वर्षानुवर्षं राहिले. ब्रिटनमध्ये 1980 आणि 90 च्या दशकांत हेमोडायलिसिसच्या, म्हणजे इस्पितळातल्या यंत्रावरच्या डायलिसिसच्या, जागा अपुऱ्या होत्या, म्हणून पीडीचा वापर मोठा होता. ज्या देशांत रुग्ण पीडीवर दीर्घकाळ राहिले, त्यांनाच त्याची ही बाजू अधिक दिसली.

उपचाराबाबत तीन वाटा रूढ झाल्या आणि त्या तिन्हींवर आपापल्या देशाची छाप आहे. जपानने शस्त्रक्रियेचा मार्ग धरला. हिरोशिमाच्या कावानिशी यांनी आतड्यांवरचं आवरण थराथरानं सोलून काढण्याची पद्धत विकसित केली. हे काम कित्येक तासांचं असतं, एका चुकीच्या हालचालीनं आतडं फाटू शकतं. जपानने प्रतिबंधही गांभीर्यानं घेतला: द्रवाची आम्लता कमी केली, साखर तापवताना तयार होणारे घातक घटक कमी केले. 2014 मध्ये आलेल्या पुढच्या पाहणीत नव्या द्रवांच्या काळात ईपीएसचं प्रमाण सुमारे एक टक्का आढळलं. द्रव बदलल्यामुळेच हे झालं की दीर्घकाळ पीडीवर ठेवण्याची सवय कमी झाल्यामुळे, यावर अजून वाद आहे. बहुधा दोन्हींचा वाटा असावा. ब्रिटनने पोषणावर भर दिला आणि शस्त्रक्रिया मँचेस्टर आणि केंब्रिज अशा मोजक्या केंद्रांत एकवटली, कारण दुर्मीळ आजारात हाताला सराव हवा. नेदरलँड्सचं लक्ष औषधाकडे गेलं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन तंतुमय वाढीला आवर घालतं का, याचा शोध तिथे घेतला गेला आणि 2011 मध्ये ते घेतलेल्यांत मृत्यू कमी असल्याचं नोंदवलं गेलं. हा अभ्यास मागे वळून जुन्या नोंदींवरून केलेला होता आणि रुग्णही थोडे होते, म्हणून त्याला अंतिम शब्द मानता येत नाही. स्टेरॉइड्सचीही तीच गोष्ट. मात्र डच संशोधकांनी आणखी एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आणला: किडनी प्रत्यारोपणानंतरही ईपीएस होतो.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी थोडा थांबतो, कारण रुग्णांच्या अनुभवात सर्वांत चटका लावणारी जागा हीच आहे. जपानच्या 1999 ते 2003 च्या पाहणीत ईपीएस झालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश रुग्णांना तो पीडी बंद केल्यानंतर झाला. रोज द्रव आत-बाहेर होत असताना फायब्रिन धुऊन निघत असावं आणि पीडी थांबल्यावर ते साचत असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या दृष्टीनं पाहा. नवी किडनी उत्तम चालते आहे, क्रिएटिनिन छान आहे, घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला आहे. आणि याला जेवण जात नाही. तपासणीला गेल्यावर सगळं लक्ष किडनीकडे असतं. पीडी हा मागे पडलेला अध्याय आहे, असं डॉक्टर समजतात आणि रुग्णही तसंच समजतो. उलट्या औषधांनी होत असतील, ही पहिली समजूत असते आणि ती अतार्किक नाही. अनेक महिने त्यातच जातात.

मुळात ईपीएसची लक्षणं दुर्मीळ आजाराची वाटत नाहीत, हीच त्याची खोड आहे. दोन घास खाल्ले की पोट भरतं. पोट फुगतं, तड लागते. अन्नावरची वासना उडते. आता पीडीवर असलेल्या कुणालाही विचारा, पोटात दोन लिटर द्रव असताना भूक मंद असते, शिवाय द्रवातली साखर अंगात जातच असते. किडनी निकामी असली की मळमळ ओळखीची असते. मधुमेह असेल तर जठर आधीच सुस्त झालेलं असतं. बद्धकोष्ठ तर घरोघरचं. प्रत्येक तक्रारीला एक साधं, पटणारं कारण आधीच तयार असतं. त्यात भर म्हणजे पीडीवरच्या रुग्णाला प्रथिनं भरपूर खा असा सल्ला असतो, कारण निचऱ्याबरोबर रोज प्रथिनं वाहून जातात. माणसाला खाता येत नाही नेमक्या त्याच वेळी सगळे त्याला खायचा आग्रह करतात. आपल्या घरांमध्ये हा आग्रह मायेचा असतो, त्यामुळे त्याला नकार देणं अधिकच कठीण. वजनकाटाही फसवतो. हातापायांचं मांस झडत असतं आणि पोटात पाणी साचत असतं. काटा दोन्हींची बेरीज दाखवतो, ती फारशी बदलत नाही. शर्टाची बाही सैल झाली हे घरातल्या माणसाला आधी दिसतं.

या पुस्तकाचं म्हणणं इथूनच सुरू होतं. ईपीएसमध्ये रुग्णाचं सांगणं हा आजाराचा सर्वांत लवकर मिळणारा पुरावा आहे. सीटी स्कॅनमध्ये जाड झालेला पडदा, कॅल्शियमचे साठे, एका जागी गोळा झालेली आतडी दिसतात, पण ती बहुधा उशिरा दिसतात. साध्या पीडीनेही पडदा जाड होत असतो, त्यामुळे सुरुवातीच्या स्कॅनवरून निर्णय करणं सोपं नसतं. नक्की निदान करणारी रक्ताची एखादी चाचणी नाही. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीने 2000 मध्ये ईपीएसची व्याख्या केली, तीही प्रतिमा किंवा शस्त्रक्रियेतलं दृश्य आणि त्याच्या जोडीला आतड्याच्या अडथळ्याची लक्षणं यांवर आधारलेली. म्हणजे लक्षणांना व्याख्येतच जागा आहे. त्यांना बाह्यरुग्ण विभागातही जागा मिळायला हवी.

आजारपणाच्या अनुभवाकडे गांभीर्यानं बघण्याचा अभ्यास गेल्या चार-पाच दशकांत उभा राहिला. 1982 मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी दीर्घ आजार माणसाच्या आयुष्याची संगती कशी मोडतो ते मांडलं. 1988 मध्ये आर्थर क्लाइनमन यांनी डॉक्टरांना दिसणारा रोग आणि रुग्णाला भोगावा लागणारा आजार यांतलं अंतर दाखवलं. 1995 मध्ये आर्थर फ्रँक यांनी रुग्णांच्या कहाण्यांचे ढंग वेगळे केले: बरं होण्याच्या, गोंधळाच्या आणि शोधाच्या. ईपीएसवाल्यांच्या कहाण्या बहुतांशी गोंधळाच्या असतात. त्यांना सरळ ओघ नसतो. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, पोट रिकामं ठेवून सलाइनवर, पुन्हा घरी, पुन्हा उलट्या. मूत्रपिंडाच्या क्षेत्रात हा विचार यायला वेळ लागला, पण आला. सिडनीच्या अ‍ॅलिसन टाँग यांच्या पुढाकारानं रुग्ण आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून पीडीच्या संशोधनात काय मोजायला हवं ते ठरवलं गेलं, तेव्हा संसर्ग, हृदयविकार आणि मृत्यू यांच्या बरोबरीनं आयुष्यात सहभागी होता येणं हाही मुख्य निकष ठरला. आणि ईपीएसबद्दल 2014 मध्ये मँचेस्टरच्या हेलन हर्स्ट यांनी सहकाऱ्यांसह, शस्त्रक्रियेतून गेलेल्या रुग्णांच्या नजरेतून लिहिलं. पीडीच्या रुग्णांबरोबर काम केलेल्या परिचारिकेनं ही वाट उघडावी याचं मला नवल वाटत नाही. पिशवी लावताना होणारं बोलणं सर्वांत आधी परिचारिकाच ऐकते.

अशा लेखनाला एक मर्यादा आहे आणि ती वाचकानं सतत मनात ठेवावी. बोलू शकतात ते वाचलेले लोक. लंडन आणि परिसरातल्या 111 रुग्णांच्या 2009 च्या पाहणीत 53 टक्के रुग्ण दगावले होते. त्यांचं बोलणं कुठेच नाही. ज्यांना मोठ्या केंद्रापर्यंत पोचता आलं, शस्त्रक्रिया सोसता आली, नंतर मुलाखत देण्याएवढी ताकद राहिली, त्यांचंच म्हणणं आपल्यापर्यंत येतं. पुस्तकानं हे एकदा सांगितलं आहे. माझ्या मते प्रत्येक प्रकरणात सांगायला हवं होतं.

तरीही जे हाती आहे ते कमी नाही. रुग्ण सर्वाधिक बोलतात ते खाण्याबद्दल, मृत्यूबद्दल त्यामानानं कमी. तोंडानं काहीच न घेता रात्री शिरेतून पोषण घेणारा माणूस घरच्यांच्या पंगतीत कुठे बसतो? हेमोडायलिसिसवर यावं लागल्यानं जे घरपण पीडीनं दिलं होतं ते गेलेलं असतं. दुसरा विषय अपराधाचा. आपण कधी हात नीट धुतले नाहीत का, तो एकदा झालेला पेरिटोनायटिस त्यामुळे होता का, असे प्रश्न माणसं स्वतःला विचारत बसतात. संसर्गाचा वाटा किती, यावर संशोधकांमध्येच मतभेद आहेत; वर्षांचा वाटा मात्र सगळे मान्य करतात. हे त्यांना आधी कुणी समजावून सांगितलं असतं, तर एक ओझं तरी हलकं झालं असतं.

आणि मग सांगण्याचा प्रश्न. पीडी सुरू करताना रुग्ण घाबरलेला असतो, त्याला डझनभर गुंतागुंती सांगितल्या जातात, त्यांत ईपीएस बहुधा एक ओळ असते किंवा नसतेच. दुर्मीळ आहे, कशाला भीती घालायची, ही भूमिका दयेपोटी घेतली जाते. आंतरराष्ट्रीय सोसायटीच्या 2017 च्या भूमिकेनुसार अमुक वर्षांनी पीडी थांबवावी असा सरसकट नियम करण्याइतका पुरावा नाही. निर्णय प्रत्येक रुग्णाचं वय, प्रत्यारोपणाची शक्यता, पडद्याची स्थिती पाहून घ्यायचा आहे. नियम नाही म्हणूनच रुग्णाला माहिती हवी, असं मला वाटतं. पहिल्या दिवशी एका ओळीत आणि पुढे दरवर्षी शांतपणे, वर्षं वाढतील तसं अधिक स्पष्टपणे. लपवलेल्या जोखमीचा राग आजाराइतकाच टिकतो.

मराठीत हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर सरळ आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये हेमोडायलिसिसपासून सुरू झाला आणि 2019 मध्ये त्यात पीडीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. हेमोडायलिसिसचं केंद्र जिथे नाही अशा तालुक्यांत पीडीला मोठा वाव आहे आणि तो वाढावा असंच मलाही वाटतं. आज आपल्याकडे दीर्घ वर्षं पीडीवर असलेले रुग्ण थोडे आहेत, म्हणून ईपीएसही थोडा. उपचार रुजला, रुग्ण जास्त जगू लागले, की हा प्रश्न आपल्या दाराशी येणारच. तेव्हा आणखी एक अडचण उभी राहील. भारतात पोटातला कोश म्हटलं की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा क्षय येतो, आणि ते बरोबरही आहे, कारण पोटाचा क्षयही असा कोश तयार करू शकतो. पीडीचा जुना रुग्ण कळ आणि उलट्यांची तक्रार घेऊन आला, तर क्षयाची औषधं सुरू होऊन मूळ आजार काही महिने झाकला जाऊ शकतो. उलट, खरा क्षय असताना ईपीएस समजून स्टेरॉइड दिली गेली तर तेही घातक. दोन्ही शक्यता एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं हे भारतीय डॉक्टरांपुढचं खास काम आहे.

हे पुस्तक ब्रिटन, जपान आणि नेदरलँड्समधले प्रकाशित अनुभव आणि संशोधन एकत्र करून ते मराठी वाचकापर्यंत आणतं. वैद्यकीय भाग लागेल तेवढाच ठेवला आहे आणि अनुभवांना आकड्यांच्या आधी जागा दिली आहे. हा क्रम मला पटला. एक तक्रार मात्र नोंदवतो: काळजी घेणाऱ्या घरच्यांवर पानं कमी आहेत. पिशव्यांचे खोके लावणारी, निचऱ्याचा रंग बघणारी, दवाखान्यात तेच तेच सांगणारी माणसं या कहाणीत अर्धी भागीदार आहेत. पुढच्या आवृत्तीत त्यांचं प्रकरण स्वतंत्र असावं.

पीडीवर असलेल्या वाचकांना एवढीच विनंती आहे की हे वाचून पिशव्या बंद करू नका. आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला विचारा: माझी पीडीची वर्षं किती झाली, पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, प्रत्यारोपणाचं काय. ज्यांनी पीडी सोडली आहे किंवा ज्यांचं प्रत्यारोपण झालं आहे, त्यांनी दोन-तीन आठवडे भूक कमी, पोट फुगलेलं आणि वजन किंवा मांस घटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जाऊन सांगावं, आणि सांगताना पूर्वी किती वर्षं पीडी झाली होती तेही न चुकता सांगावं.